पाणथळीपासून शंभर मीटर

टॅलोरी, ११ जानेवारी

तीर्थरूप उनाताईस,

धाकट्या मर्व्हिनचा नमस्कार. वाकूनच केला असता, पण कंबर धरली आहे. का धरली ते पुढे येईलच. तुझ्या नव्या गुडघ्याची चौकशी ग्लेनिस रोज करते (म्हणजे माझ्याकडे करते, जणू तो गुडघा मीच बसवलाय). टास्मानियात यंदा भर उन्हाळ्यात शेकोटी लागते, असं तू नाताळच्या कार्डावर लिहिलं होतंस. कार्डावर तेवढं एकच वाक्य होतं, खाली सही. मी तुला वर्षभरात चार पत्रं पाठवली, हे तक्रार म्हणून नव्हे, नुसतं सांगतो. आम्ही दोघं बरे आहोत. उकाडा आहे, माश्या आहेत, शेजारी आहेत.

तू विचारणार नाहीस, तरी आपल्या दलदलीचं सांगतो. बाबांचं खालचं रान आपण बांधकाम कंपनीला विकलं त्याला आता सहा वर्षं झाली. मी तेव्हा म्हणत होतो, सगळं देऊन टाकू आणि मोकळे होऊ. तू मात्र वकिलाच्या ऑफिसात तीन तास खुर्ची सोडली नाहीस. शेवटी त्यांनी खरेदीखतात लिहिलं की पाणथळीपासून शंभर मीटरच्या आत घर नाही, भिंत नाही, दिवा नाही. तिथे गवत, लव्हाळे आणि तिथलं जे असेल ते. वकील मला हळूच म्हणाला, बाई हट्टी दिसतात. मी म्हणालो, वडिलांवर गेलीय. (ते कौतुकानं म्हणालो नव्हतो, हे आज कबूल करतो.) मग त्याच रानात वसाहत उभी राहिली, आणि त्या राखीव पट्ट्याला लागून पहिल्या रांगेतलं घर मीच घेतलं. कंपनीनं वसाहतीला नाव दिलं ‘क्रौंच किनारा’. फाटकावर बारा फुटी क्रौंच रंगवलाय. जिवंत क्रौंच पहिला बुलडोझर आला त्याच दिवशी उठून गेले, पण रंगवलेला अजून हललेला नाही.

शंभर मीटर म्हणजे किती, हे मला शाळेत असतानाच कळलं अशी माझी समजूत होती. तसं नाही. शंभर मीटर कुठून, हा खरा प्रश्न आहे, आणि तो आपल्या वकिलाला सुचला नाही. कंपनीनं मोजणीदार बोलावला तो फेब्रुवारीत, तोही कोरड्या वर्षातल्या फेब्रुवारीत. दलदल आटून न्हाणीच्या टबाएवढी राहिली होती आणि तिच्यात एक बदक उभं होतं. उभं म्हणतोय मी. पोहायला पाणी नव्हतं. मोजणीदारानं बदकाच्या शेजारी खुंटी ठोकली आणि तिथून टेप सोडली. मी म्हणालो, अरे बाबा, दलदलीची कड तिकडे लव्हाळ्याच्या शेवटाला आहे, ही तिची बेंबी आहे. तो म्हणाला, ‘कागदात पाणथळ लिहिलंय. पाणी इथंच आहे.’ बदकानं माझ्याकडे पाहिलं. त्यालाही ते पटलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात कंपनीचा पक्षीतज्ज्ञ आला. दोन सकाळी गाडीच्या टपावर बसून त्यानं दुर्बीण फिरवली, सँडविच खाल्लं आणि अहवाल दिला: निवासी पक्षी आढळले नाहीत, बदक एक, बहुधा पाळीव. आटलेल्या दलदलीत पक्षी मोजायचे म्हणजे सुट्टीच्या दिवशी शाळेत जाऊन गावाला मुलंच नाहीत असं लिहायचं. पण अहवालाला जाड पुठ्ठा होता आणि पहिल्या पानावर पुन्हा तोच क्रौंच.

मग जूनमध्ये पाऊस पडला आणि दलदल आपल्या जागी परत आली. कड मोजली तर पट्टा शंभराचा तीस मीटर उरलेला. त्या तिसात कंपनीनं निसर्गवाट घातली (सिमेंटची), मांस भाजायच्या दोन शेगड्या बसवल्या, आणि कुत्री मोकळी सोडायला एक कुंपण घातलं. मी रहिवासी समितीचा अध्यक्ष. (दुसरं कोणी उभं राहिलं नव्हतं.) मी पत्रावर पत्रं लिहिली. कंपनीच्या टॅम्सिनबाई, वय तीसच्या आसपास, दात फार सुरेख, दर वेळी घरी येऊन समजावून सांगायच्या, ‘मर्व्ह, पट्टा अगदी शाबूत आहे हो. फक्त तो वापरात आहे.’ फडताळातला डबा रिकामा करून तो शाबूत आहे म्हणावं, तसं.

आणि गेल्या ऑक्टोबरात तो आवाज आला. ताई, तुला आठवतो तो. बैल दूर विहिरीत पडून हंबरतोय असा. आपण लहान असताना तो आला की बाबा म्हणायचे, दलदलीतला राक्षस, बनयिप, जेवायला मागतोय, ताटातलं संपवा नाहीतर त्याला देईन. तुझी ताटं त्यामुळे लख्ख असायची. बिटर्न तो, लव्हाळ्यातला तपकिरी बगळा. इतका दुर्मीळ झालाय की आता सरकारी यादीत त्याचं नाव लाल अक्षरांत आहे. एका बिटर्नच्या जोडीनं घरटं केलं की सगळी मोजणी नव्यानं, कडेपासून. मी नगरपालिकेला फोन केला. तिकडून विचारलं, फोटो आहे का? अहो, चोच वर करून लव्हाळ्यात उभा राहिला की तो लव्हाळाच होतो, ह्याच कलेवर तर त्याचं पोट चालतं. मग म्हणाले, निदान आवाज पाठवा.

म्हणून नोव्हेंबरातल्या एका सकाळी मी बाबांचे छातीपर्यंतचे रबरी बूट चढवले, काठीला फोन बांधला आणि लव्हाळ्यात शिरलो. वीस पावलं छान गेली. एकविसावं खाली गेलं, ते वर आलंच नाही. मी दुसऱ्या पायानं पहिल्याला मदत करायला गेलो, आणि तोही गेला. (माणसानं आयुष्यात एकदा तरी चिखलात छातीपर्यंत रुतावं, किती लोकांना आपण सल्ले देत होतो ते सगळं आठवतं.) पाऊण तास मी तिथे उभा होतो. आणि ताई, माझ्यापासून चार हातांवर तो हंबरला. मी तो पाहिला. त्यानं मला पाहिलं. फोन तोपर्यंत चिखलात गेला होता.

शेवटी मी ओरडलो. आमच्या शेजारी लोसा म्हणून सामोअन बाई राहते, गोदामात माल उचलायची गाडी चालवते, आवाज खणखणीत. ती कठड्यावर येऊन म्हणाली, ‘अंकल, तिथं काय करताय?’

‘पक्षी ऐकतोय.’

‘मग ऐका निवांत. मी दोरी आणते.’

तिनं दोरीचं एक टोक माझ्या काखेत आणि दुसरं आपल्या गाडीला बांधलं आणि गिअर टाकला. मी बाहेर आलो. बूट आले नाहीत, आणि बुटांना धरून असलेली विजारही आली नाही. तोवर निसर्गवाटेवर वीसेक माणसं आणि कुत्री जमली होती. स्थानिक पेपरात फोटो आला, कमरेपासून वरचा, एवढी माणुसकी त्यांनी दाखवली. वर मथळा: ‘वृद्ध रहिवासी थोडक्यात बचावले, ही दलदल किती बळी घेणार?’ (आजवरचे बळी: एक विजार.)

इथून पुढे माझी जीभ कडू होते. ज्या दलदलीला वाचवायला मी आत गेलो, तिला धोकादायक ठरवायचा पुरावा मीच झालो. समितीची सभा भरली. अध्यक्षस्थानी मी, कंबरेला पट्टा. एकेकानं उठून माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि मग दलदल बुजवायला पाठिंबा दिला. मी बिटर्नबद्दल बोललो. कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं. शेवटी लोसा उठली. म्हणाली, ‘अंकल, तुम्ही मोठे आहात म्हणून ओरडलात. माझी मुलगी मेले चार वर्षांची आहे. ती ओरडेल का?’ त्या पोरीच्या आणि पाण्याच्या मध्ये शंभर मीटर गवत असतं तर प्रश्नच आला नसता, हे उत्तर मला घरी आल्यावर सुचलं. तोवर हात वर झाले होते. त्यात ग्लेनिसचाही होता.

दुसऱ्या दिवशी टॅम्सिनबाई लॅमिंग्टन केकचा डबा घेऊन आल्या. नवा आराखडा फार देखणा आहे. पट्टा शंभराऐवजी तीस मीटर, तोही बदकापासून. म्हणजे लव्हाळा सगळा गेला. त्या जागी बावीस घरं, आणि मधोमध गोल तळं, सिमेंटच्या काठाचं, खोली गुडघाभर. पण खरेदीखतातली अट उठवायला विकणाऱ्या दोघांच्याही सह्या लागतात म्हणे. बाई मऊ आवाजात म्हणाल्या, ‘मर्व्ह, तळ्याला तुमच्या वडिलांचं नाव देणार आहोत आम्ही. आर्थर पिल्बीम तळं. कारंजंसुद्धा असेल.’ उभ्या जन्मात बाबांनी पाहिलेलं एकमेव कारंजं म्हणजे आपली जर्सी गाय. तरी माझे डोळे भरून आले, ह्याची मला अजून लाज वाटते. ग्लेनिस लॅमिंग्टन बशीत काढत होती. खिडकीतून लोसा हात हलवत होती. तिनं त्याच दिवशी माझ्यासाठी शेवयांचं मटण पाठवलं होतं. ह्या घरात राहायला आल्यापासून इतकी माणसं माझ्याशी इतकी गोड बोलली नव्हती.

असो. गुडघ्याला जप. जिना उतरताना दुखरा पाय आधी, चढताना बरा पाय आधी, असं ग्लेनिस सांगते.

तुझा धाकटा भाऊ,
मर्व्हिन

ता.क. सोबत कागद जोडलाय. वरची सही माझी आहे. खालच्या रेघेजवळ टॅम्सिनबाईंनी पिवळी चिठ्ठी लावलीय, तिथे तुझी हवी. महिनाअखेरपर्यंत पाठवलीस तर बरं. इथे सगळेच वाट पाहताहेत.

ता.क. दुसरा. इथपर्यंत ग्लेनिसनं वाचलंय, इथून पुढे नाही. डिसेंबरात तिच्या मांजरीनं पायपुसण्यावर एक पिल्लू आणून टाकलं. तपकिरी लव, लांब मान, हिरवट पाय. मी त्याला पाहताक्षणी ओळखलं. म्हणजे घरटं होतं. तो एक फोटो सरकारी कचेरीत गेला असता तर दुसऱ्या दिवशी काम थांबलं असतं. पण कचेरीनं विचारलं असतं, मारलं कोणी? आणि मांजरी घरात कोंडून ठेवा, अशी नोटीस प्रत्येक दारावर लावणारा अध्यक्ष मीच. शिवाय मुलगी पर्थला गेल्यापासून ग्लेनिसला त्या मांजरीखेरीज घरात बोलायला कोणी नाही (मी आहे, पण तिचं म्हणणं तसं आहे). पिल्लू फ्रीजरमध्ये आहे, मटाराच्या पिशवीखाली. ग्लेनिसला तो लावा पक्षी वाटतो. परवा विचारत होती, भाजायचा कधी.

ता.क. तिसरा. पोस्टात उभ्या उभ्या लिहितोय, ग्लेनिस बाहेर गाडीत आहे. ताई, सही करू नकोस. मला ‘नाही’ म्हणता आलं नाही, तू म्हण. तुला सवय आहे. इथे सभेत मी तुला स्वार्थी, खडूस, माणूसघाणी सगळं म्हणणार आहे, आणि पेपरातही येईल, तेवढं सोस. उत्तर मात्र लवकर धाड, आणि त्यात मला चार सणसणीत शिव्या घाल, म्हणजे ते शेजाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवता येईल. खऱ्या वाटतील अशा घाल. तुला जड जाणार नाही.