पाकिटातली तांत

गाव झांझरी, जिल्हा बारमेर
१२ एप्रिल

हुकुम मूलसिंहजींच्या पायाशी लाधू खान मांगणियाराची घणी खम्मा.

आम्ही इकडे ठीक. तुमच्या कोटडीवर सगळे खुशाल असतील, लेक बाईसा सासरी रुळल्या असतील. आमच्या शेळीला दोन पिल्लं झाली, एक लंगडं आहे. पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदाच येतो. टपालवाला नवीन आहे, पत्र पोचेल की नाही याची धास्ती वाटते. अक्षर पाचवी नापासाचं आहे, सांभाळून घ्या.

बाईसांच्या लग्नात मला ताप आहे असा निरोप धाडला होता. आता बरा आहे.

हुकुम, ताप नव्हता.

तुमच्या दारात वरात आली आणि सात पिढ्यांत पहिल्यांदा तुमच्या पूर्वजांची नावं गायला कोणी नव्हतं. व्याही म्हणाले म्हणे, "ठाकुरांकडे मांगणियार नाही, की पूर्वजच नाहीत?" टँकरवाल्याने मला हे हसत हसत सांगितलं. तेव्हापासून घास उतरत नाही.

त्या दिवशी मी तुमच्या वडिलांनी, बडे हुकुमांनी, दिलेला साफा बांधला होता, कमायचा सुरात लावला होता. बसथांब्यावर बसलो. बस आली, मी उठलो नाही. कारण ज्यात तुमच्या पूर्वजांची नावं गातो, तो तुमचा शुभराज माझ्याकडे उरलाच नव्हता. मी तो विकला होता.

माझा जावई सत्तार जोधपूरला असतो, मोठमोठ्या कार्यक्रमांत ढोलक वाजवतो. मागच्या वर्षी म्हणाला, "चाचा, आता गाण्याचं टोकन काढून इंटरनेटवर विकतात. शौकीन लोक जपून ठेवायला घेतात. दुसऱ्या कुणाकडे नसेल असं काही द्या." गरज होती म्हणून दिलं असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. माझ्याकडे पावसाची गाणी होती, पाळणे होते. पण भाव यावा म्हणून मी तुमचा शुभराज दिला. बेल्जियममधल्या कुणी तरी घेतला. घरावर नवं छप्पर आलं.

मला वाटलं, विकला म्हणजे गेला. दान दिलेल्या उंटावर आपण परत बसत नाही. म्हणून वर्षभर घरातसुद्धा गुणगुणलो नाही.

लग्नानंतर सत्तारला हे सांगितलं, तर तो कपाळाला हात लावून बसला.

"अहो चाचा, त्याने फक्त टोकन घेतलंय! गाणं तुमच्याच गळ्यात आहे. रोज गा!"

"मग त्याने घेतलं काय?"

"'हे माझं आहे' असं म्हणायला मिळतं."

"एवढ्यासाठी इतके पैसे?"

"तुमचे ठाकूर तरी काय घेत होते? 'हा आमचा मांगणियार' असं म्हणायला मिळत होतं, एवढंच ना!"

हलीमा, माझी मुलगी, हसली. मी नाही हसलो. म्हणजे त्या दिवशी मी गाऊ शकलो असतो. माझ्या अडाणीपणाने तुमची मान खाली गेली.

इथेच पत्र संपवणार होतो. पण एक राहिलं.

ते विकलेलं गाणं बडे हुकुमांच्या शेवटच्या दिवाळीच्या बैठकीतलं आहे. सत्तारने तेव्हा फोनवर घेतलं होतं. त्यात मध्येच बडे हुकुम खोकतात आणि म्हणतात, "वाह रे लाधू, माझ्या आजोबांना उभं केलंस." मला माहीत होतं तो आवाज त्यात आहे. मीच सत्तारला सांगितलं, हा खोकला काढू नकोस, याने किंमत येईल. तुम्हाला विचारलं नाही.

ते टोकन पुढे विकलं गेलं की दहावा हिस्सा मला येतो. परवा आला. तुमचे वडील दुसऱ्यांदा विकले गेले, हुकुम.

आमच्यात रीत आहे. दाता नको झाला की मांगणियार कमायच्याची तांत त्याच्या दाराशी पुरतो, मग पिढ्यांचं नातं तुटतं. दात्याला मात्र मांगणियार सोडायची रीत नाही. ती मी तुम्हाला देतो. पाकिटात माझ्या कमायच्याची मोठी तांत आहे, बकऱ्याच्या आतड्याची, माझ्या बापाने वळलेली. वाटलं तर दाराशी पुरा. कुणाला बोलवू नका, मी समजून घेईन.

नाही पुरली तर परत धाडा. तोवर कमायचा खुंटीवर आहे, तिच्या बिना वाजत नाही.

तुमचा म्हणू की नको, कळत नाही,
लाधू