चोवीस तासांचा कॅन

४ जानेवारी

रिपोर्ट आला! लेकीच्या मूत्रपिंडात सारखे खडे का होतात, ते पाच वर्षांनी कळलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर यकृताची पेशी काढून दाखवली. आत बारीक बारीक खोल्या. कुठलं प्रथिन कुठल्या खोलीत जायचं, याची खूण त्या प्रथिनातच असते म्हणे. लेकीच्या पेशी हवं ते प्रथिन बनवतात, धडधाकट बनवतात – पण त्याच्या खुणेत गडबड आहे. ते भलत्याच खोलीत जाऊन बसतं. जिथे त्याचं काम, तिथे पोचतच नाही. म्हणून ऑक्झलेट नावाचा क्षार साचतो, आणि त्याचे खडे.

मला चटकन कळलं. वाचनालयात वीस वर्षं काढलीत. चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक हरवलेल्यापेक्षा वाईट. यादीत असतं, इमारतीत असतं, आणि वाचकाला मिळत नाही.

दोष दोघांकडून आलाय. एक माझा, एक ह्याचा. "लग्नानंतर पहिल्यांदाच आपलं एकमत," हा म्हणाला. जिन्यात हसता हसता रडले.

५ जानेवारी

औषध म्हणजे जीवनसत्त्वाची साधी गोळी! काही जणांत तिच्यामुळे ते प्रथिन योग्य खोलीत पोचायला लागतं. तीन महिने द्यायची. सध्या लघवीतलं दिवसाचं ऑक्झलेट १४८. हवं ४५च्या आत. फारसं उतरलंच नाही, तर यकृताचा तुकडा बसवायचा – माझा. ह्याचा रक्तगट जुळत नाही.

मी लगेच हो म्हटलं.

१९ फेब्रुवारी

इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे बोलणार? मला त्या ऑपरेशनची भीती वाटते. लेकीसाठी काहीही करीन, ते खरंच. पण त्या टेबलावर झोपायचं म्हटलं की आई आठवते. ती अशीच एका टेबलावरून परत आली नाही.

कुणाला सांगणार नाही.

२ मार्च

रोज तीन लिटर पाणी प्यायचंय. शाळेतून बाटली भरलेलीच परत! बोलले तर म्हणे, "आई, मी मुलगी आहे, टाकी नाही."

५ एप्रिल

कॅनचा दिवस. आज सकाळी सातपासून उद्या सातपर्यंतची सगळी लघवी केशरी कॅनमध्ये, आणि कॅन फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. ह्याने त्यावर चिठ्ठी लावली – 'सरबत नाही'.

९ एप्रिल

अडतीस! अडतीस!!

१० एप्रिल

डॉक्टरीणबाईंचा फोन. आकडा छान आहे, पण इतकं पाणी पिणाऱ्या मुलीची दिवसाची लघवी पावणेदोन लिटरच कशी? काही सांडलं का?

मी ठासून नाही म्हटलं. लेक दारात उभी होती, पांढरीफटक.

तिने ओतून टाकली होती. तीनदा. कॅन कमी भरला की आकडा कमी येणार, हे तिचं तिनेच ताडलं.

"का गं?"

"तुझी वही वाचली मी. तुला भीती वाटते ना."

रागवायला हवं होतं. जवळ घेतलं. म्हटलं, भीती वाटते, आणि तरी मी त्या टेबलावर झोपणार. दोन्ही खरं आहे. पण खोट्या आकड्यावर विसंबलो तर तुझं मूत्रपिंड जाईल, बाळा.

नाक पुसून म्हणाली, "परत भरू या."

१२ एप्रिल

दुसरा कॅन. बाथरूमबाहेर पहारा ठेवला नाही. मुद्दामच.

१६ एप्रिल

निकाल आज. मी वाचनालयात असेन, फोन ह्याला येणार. कितीही असो, ह्या वेळी खरा असू दे.

आज वही कपाटात ठेवत नाही. टेबलावरच ठेवून निघते.

१६ एप्रिल, संध्याकाळ

दारात दोघंही उभी. लेकीने नुसतं टेबलाकडे बोट केलं. सकाळच्या ओळींखाली तिचं तिरकं अक्षर –

'६१. पूर्ण कॅन, शप्पथ. ४५ नाही, पण निम्म्याहून खाली आलं, म्हणजे गोळी लागू पडली, ऑपरेशन नको म्हणाल्या. तुझं यकृत तुझ्याजवळच ठेव. आता वही वाचणार नाही. तू सांगत जा.'