उदाहरणाची वाक्यं गाळली

३ जून, सोमवार. सकाळी सात.
आजपासून रोज दहा इंग्रजी क्रियापदं. दहा म्हणजे दहा. मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमच्या रिपोर्टात नुसतं केम, वेंट, सेड. माणसं आहेत की खांब?" सुपरवायझरची जागा रिकामी आहे, त्यामुळे बोलण्यातला इशारा मी बरोबर हेरला. पुस्तक आणलं. प्रत्येक क्रियापदाची व्याख्या, खाली उदाहरणाचं वाक्य. ही म्हणाली, आधी घरात मराठीत दोन शब्द धड बोला. दुर्लक्ष केलं.

५ जून.
दोन झाली. आकड्याला महत्त्व नाही, पाया पक्का हवा. उदाहरणाची वाक्यं गाळायचं ठरवलं. ती मठ्ठांसाठी असतात. निम्मा वेळ वाचतो.

१० जून.
थकून पाय ओढत चालणे: ट्रज. मॅनेजरांना म्हणालो, सर, आज ऑफिसला 'ट्रज' करत आलो. मग बसा, म्हणाले. छाप पडली. टायपिस्ट बाई तोंडाला रुमाल लावून हसल्या. जळतात.

११ जून. दुपार.
सुवर्णसंधी! हिचा दादा आमच्याच औषधांच्या गोदामात स्टोअरकीपर, सव्वीस वर्षं. गुडघा कामातून गेलेला. त्यात आज सकाळी दाढ काढून आला, अर्धं तोंड बधिर. आल्या आल्या त्याच्या हातून सिरपचं खोकं पडलं, चाळीस बाटल्या फुटल्या. गोदामाची रीत अशी, की जवळ असेल त्या कारकुनाने रिपोर्ट लिहायचा. जवळ मीच होतो. तोंड धरून कसाबसा म्हणाला, "भाऊजी, गुडघ्याचं तेवढं लिहा." म्हटलं, निश्चिंत राहा.

तोल जात चालणे: स्टॅगर. अडखळत, अस्पष्ट बोलणे: स्लर. दोन्ही चपखल बसली. गुडघ्याला आणि दाढेला जोरदार क्रियापद सापडेना, म्हणून ती गाळली.

१२ जून.
मॅनेजरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. असंच घडलं का, विचारलं. शब्दन् शब्द, म्हणालो. फाइल स्वतःच्या कपाटात ठेवली. माझ्या लिखाणाला असा मान आयुष्यात पहिल्यांदा.

१४ जून.
दादा सस्पेंड. कामावर दारू पिऊन आल्याचा आरोप. ज्या माणसाला दुसरा कप चहा सोसत नाही, त्याच्यावर! कोणीतरी कान भरले असणार. टायपिस्ट बाईंवर संशय घेतला, तर त्यांनी माझंच पुस्तक माझ्यापुढे उघडलं. स्टॅगरच्या उदाहरणात एक दारुडा गुत्त्यातून बाहेर पडतोय. स्लरच्या उदाहरणातही दारुडाच. पुस्तक लिहिणाऱ्याला दुसरा माणूस सुचू नये? चूक त्याची.

१६ जून, रविवार.
ही दोन दिवस बोलत नव्हती. आज बोलली. "साहेबांना एवढंच सांगा, मला शब्द कळला नव्हता." एवढंच म्हणे! वीस तारखेला माझी मुलाखत आहे आणि ज्याला स्वतःचे शब्द कळत नाहीत तो सुपरवायझर होतो का? समजावलं, की एकदा जागा मिळू दे, दादाला मी स्वतः परत घेईन. तिने ताट पुढ्यात आदळलं. जेवलो. अन्नावर कशाला राग?

आज क्रियापद एकही नाही. मनःस्थिती नव्हती.

२० जून.
सकाळी दादाची चौकशी, दुपारी माझी मुलाखत, खोली तीच. दादा समोर गुडघा धरून बसला होता. मॅनेजरांनी मला विचारलं, "शब्द तुमचेच ना? अर्थ ठाऊक आहे?"

दादा माझ्याकडे पाहत होता. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्याला वाटत होतं, मी आता सांगेन.

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

तिथेच त्याला काढून टाकलं. दुपारी मुलाखतीत माझं इंग्रजी उत्तम झालं.

२१ जून.
जागा टायपिस्ट बाईंना. मॅनेजर म्हणाले, रिपोर्ट झकास होता, पण ज्याने मेहुण्याला सोडलं नाही त्याच्या हाताखाली काम करायला कोणी तयार नाही.

घरी आलो तर कपाटाचा एक कप्पा रिकामा. ही दादाकडे गेली. चिठ्ठी नाही.

पुस्तक घेऊन बसलो. काल दादा कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गोदामातून गेला, ते लिहायचं होतं. पाच-सहा क्रियापदं लिहिली, सगळी खोडली. तो गेला. ही गेली.

वेंट.