वजनकाट्याजवळचा कोपरा

प्रिय खारुताई,

तुझी चिठ्ठी मंगळवारी मिळाली. तू मागवलेलं पाकीट त्याच दिवशी बांधलं, वर पत्ताही घातला. चार दिवस झाले तरी ते माझ्या टेबलावरच आहे, पोस्टात टाकायला हात धजत नाही. का, ते सांगते. आधी मात्र तुझ्या आईबद्दल लिहायला हवं, आणि ते वाचून तू माझं तोंडही बघणार नाहीस असं वाटतं.

वहिनीला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. तिने शेवटपर्यंत हूं की चूं केलं नाही, असं दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, आणि त्याच्या आवाजात थोडा अभिमानही असतो. तूही तेव्हा माझ्या गळ्यात पडून रडली होतीस, की आईने एकदा तरी कुणाला सांगायचं होतं. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तिने सांगितलं होतं, बाळा. मला सांगितलं होतं.

माझं औषधांचं दुकान तुला पाठ आहे. लहानपणी खोकल्याच्या गोळ्या गालात साठवून घरी न्यायचीस, तेव्हापासून तू खारुताई. वजनकाट्याजवळचा कोपरा बायकांचा, हेही तुला माहीत आहे. तो कसा सुरू झाला ते मात्र सांगितलं नसेल. दुकानाच्या दुसऱ्या वर्षी एक नवी नवरी अर्धा तास घुटमळली आणि शेवटी डोकेदुखीची गोळी घेऊन गेली. मला फार लागलं ते. मग मी खुणा ठरवल्या. काउंटरवर एक बोट ठेवलं की पॅड, दोन ठेवली की खाजेचं मलम, मूठ ठेवली की पाळणा लांबवायच्या गोळ्या. खालच्या खणात पाकिटं आधीच गुंडाळलेली. विचारणं नाही, सांगणं नाही. लांबलांबून बायका यायच्या आणि मी मनातून फुगून जायची. वहिनी थट्टा करायची, वन्सं, तुमच्या दुकानात जीभ घरी ठेवून आलं तरी चालतं.

तिची पाळी एक्कावन्नाव्या वर्षी गेली. तेही मला तिने सांगितलं नाही. एक बोट यायचं बंद झालं, एवढंच. चार वर्षं गेली. मग एका दुपारी ती आली, इकडचं तिकडचं बोलली आणि काउंटरवर एक बोट ठेवलं. मला कळलं. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर ती पाळी नसते, लगेच डॉक्टरला दाखवायचं असतं, हे मी परीक्षेत लिहून पास झालेली बाई. तिने बोट नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवलं होतं. मी विचारावं म्हणून ती थांबली होती, असं मला आता रोज वाटतं. मी खण उघडला आणि पाकीट दिलं. असे चौदा महिने दिले, दवाखान्यात गर्भाशयातली गाठ कळेपर्यंत. एकदा तर ती काट्यावर उभी राहिली आणि वजन उतरलं म्हणून आम्ही दोघी खूश झालो.

का नाही विचारलं? एक प्रश्न विचारला असता तर तिनेही मला एखादा विचारला असता, ही भीती होती. तुझ्या आतोबांजवळ जाताना मला दुखायचं, अगदी दर वेळी. त्यांना वाटायचं, हिला माझी ओढ नाही. मला वाटायचं, बाईचं असंच असतं. पाच पावलांवरच्या कपाटात त्यावरचं औषध होतं, पण मी कुणापुढे बोट ठेवणार? त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. हे त्यांना कधी कळलंच नाही, आणि ते आठवलं की मला आजही रडू येतं.

आता तुझी चिठ्ठी. दोन बोटं पाठव, आणि हल्ली एक बोटही महिन्यातून दोनदा लागतं, असं तू लिहिलंस. पुढे लिहिलंस, इथला दुकानदार नको ते विचारतो, तू बरी, काही विचारत नाहीस. त्या ओळीमुळेच पाकीट टेबलावर राहिलं. आता ते मी उघडून परत खणात ठेवलंय, खारुताई. आता विचारते. हे कधीपासून आहे? दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातं का? नवऱ्याजवळ गेल्यावर दुखतं का, नंतर रक्त दिसतं का? कदाचित साधंच काही असेल, पण ते मी किंवा तू ठरवायचं नाही. गुरुवारी दुकान बंद ठेवून तुझ्याकडे येतेय. शुक्रवारी अकराला बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे तुझं नाव लावलंय, नवरा येत असेल तर त्यालाही घे. आईचा राग माझ्यावर काढायचा तर जन्मभर काढ, मी ऐकून घेईन. पण शुक्रवार झाल्यावर.

तुझीच,
आत्या