ताम्हिणीचा पाऊस मी साफ करणार होतो

११ मे, सोमवार. मुळशी.
पोचलो. डिस्ट्रिब्यूटेड कॉम्प्युटिंगची समर स्कूल, निवडक तरुण शास्त्रज्ञांसाठी. त्यात मी. खोलीतून धरण दिसतं. पाणी आटलंय, पण व्ह्यू आहे.
पहिल्या लेक्चरचा सारांश: एक मोठं काम अनेक कॉम्प्युटरना वाटून द्यायचं. हे मी शाळेपासून करतोय.
टीम तिघांची. मी, कोल्हापूरची किमया, आणि पियूष, जो बोलतच नाही. प्रोजेक्ट किमयाचा: ताम्हिणीच्या पावसाच्या जुन्या नोंदींवरून घाटातल्या दरडींचा अंदाज. शनिवारी डेमो. जिंकणाऱ्या टीमला सुपरकॉम्प्युटर वापरायला मिळणार. किमया म्हणाली, तो मिळाला नाही तर तिची पीएचडी अडकली, गाइडने हात वर केलेत. मी म्हटलं, मिळालाच समज.
माझ्याकडे नोंदी साफ करायचं काम. कुठे मिलिमीटर, कुठे इंच, कुठे नुसतंच कोरं. किरकोळ. उद्या सहाला उठून संपवणे.

१२ मे, मंगळवार
साडेआठला उठलो. नाश्ता नऊपर्यंतच असतो, म्हणून आधी तो. पोहे छान. पोह्यांनी सुस्ती.
लेक्चर: प्रत्येक कॉम्प्युटरने मधूनमधून 'मी जिवंत आहे' असा मेसेज पाठवायचा. नाही आला, तर तो गेला असं समजून त्याचं काम दुसऱ्याला द्यायचं. फार आवडलं.
दुपारी किमयाने ग्रुपवर विचारलं, नोंदी कुठवर आल्या? ताबडतोब अंगठा पाठवला. संपर्कात राहणं महत्त्वाचं.

१३ मे, बुधवार
दुपारचं सेशन बुडवून ताम्हिणीला गेलो. जिथला पाऊस साफ करायचा ती जागा बघायला नको? ढाब्यावर पिठलं, भाकरी, ठेचा. पाऊस नव्हता.
येताना जीपमध्ये किमयाचा मेसेज. सगळं नको, फक्त एका जुलैची बेरीज सांग, चटकन. फाइल अजून उघडलेलीच नव्हती, आणि घाटातल्या वळणांवर लॅपटॉप कोण उघडतो? अंदाजाने आकडा ठोकला. शेवटी दशांश टाकला. दशांशाने आकडा अभ्यासू दिसतो.
तिने लिहिलं, थँक्स स्वानंद. ठेचा घशाशी आला.

१४ मे, गुरुवार
झोप नीट नाही. किमया त्या आकड्यावर पुढचं सगळं रचत असणार. दरड पडायची एकीकडे आणि आमचा अंदाज भलतीकडे. आज सांगून टाकायचंच.
जेवायला ती आलीच नाही. मेसच्या लीलाबाई म्हणाल्या, तुमची ती पोरगी सकाळधरनं नुसत्या च्यावर हाय. तिलाच लई काम, तुमाला न्हाई व्हय? मी म्हटलं, माझं काम डोक्यात चालू असतं. त्या म्हणाल्या, मग हात मोकळेच हायेत, ह्ये ताट न्या तिला.
नेलं. वाटेत वाक्यं पाठ केली. ती हसली, म्हणाली, देवासारखा आलास. झालं का तुझं? मी म्हटलं, ऑलमोस्ट. हे तोंडातून कसं निघालं कुणास ठाऊक! ती म्हणाली, बरं. रागावली असती तर बरं वाटलं असतं.
लाज वाटली. खरंच वाटली. रात्री भात घेतला नाही.
आजचं लेक्चर: बंद पडलेला कॉम्प्युटर परवडला, पण 'मी ठीक आहे' म्हणत चुकीची उत्तरं देणारा फार वाईट. पियूष माझ्याकडे एकटक बघत होता. बिचारा स्वतःला लावून घेत असावा.

१५ मे, शुक्रवार
आज नाही तर कधीच नाही. नाश्तासुद्धा सोडला. फाइल उघडली.
फाइल साफ! सगळ्या इंचांचे मिलिमीटर झालेले. शेवटचा बदल पियूषचा, मंगळवार संध्याकाळ.
आधी आनंद झाला. टीम असावी तर अशी. मग डोक्यात आलं, मंगळवारीच झालं होतं तर बुधवारी तिने मला बेरीज विचारली कशाला? यावर फार विचार न करता चहाला गेलो.
संध्याकाळी किमयाने डेमोतलं माझं काम सांगितलं. सर म्हणतील तेव्हा एका कॉम्प्युटरची वायर उपटायची. जबाबदारीचं काम आहे. खोलीत टेबलफॅनवर सराव केला.

१६ मे, शनिवार
डेमो. सरांनी मान हलवली, मी वायर उपटली. एका दमात. काहीही अडलं नाही. उरलेल्या कॉम्प्युटरनी त्याचं काम वाटून घेतलं, पडद्यावर ताम्हिणीचा पाऊस चालूच. टाळ्या.
सरांनी विचारलं, एखादा नुसताच होय होय म्हणतोय, काम करत नाही, हे कसं ओळखणार? किमया म्हणाली, ज्याचं उत्तर आपल्याकडे आधीच आहे असं एक छोटं काम त्याला द्यायचं. समजा, एका जुलैची बेरीज. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. मी वायर हातात धरून उभा.
आम्ही जिंकलो. किमया रडली. पियूषसुद्धा बोलला, तिच्याशी. लीलाबाईंनी शिरा केला होता, मी माझी वाटी पियूषपुढे सरकवली.
खोलीत येऊन ग्रुपवर सगळं लिहिलं. जीप, दशांश, ऑलमोस्ट, सगळं. या आठवड्यात पूर्ण केलेलं पहिलंच काम. शेवटी लिहिलं, मी तुम्हाला फसवलं, मला माफ करा.
किमयाने लगेच अंगठा पाठवला. थोड्या वेळाने पियूषनेही.