नवं पातेलं मी नेलंय

शिवांजलीचे पप्पा,

तुमी उसाला पाणी द्यायला गेलाय तवर मी, शिवांजली आणि तुमच्या आई वाईच्या एसटीला निघालोय. पुण्याबाहेरचा फ्लॅट तुमी मला न दाखवता पक्का केलात. तसंच वाईतलं घर मी तुमाला न विचारता भाड्यानं घेतलंय. फिट्टंफाट झाली.

त्या फ्लॅटला पाणी टँकरचं. लिफ्ट बंद पडली तर आईंनी त्या गुडघ्यावर अकरा मजले चढायचे व्हय? वाईत नदीचा घाट चार पावलांवर हाय आणि पोरीची शाळा त्याच गल्लीत. घराला जिना न्हाई, एवढं बघूनच आई व्हय म्हणाल्या.

वाईतनं पुणं लांब पडतंय म्हणू नका. सतरा वर्षं तुमी पलटणीत होता, वर्षातनं दोनदा घरी यायचा. तवा लांब कुणाला पडलं, ते मी कवा बोलले न्हाई. आता पुण्यातल्या नव्या नोकरीला जायला वाईतनं रोज एसटी हाय.

शुक्रवारी फ्लॅटवर दूध उतू घालायचं म्हणून तुमी नवं पातेलं आणलं होतं, ते मी नेलंय. भाकरी टोपल्यात हाय, वाईचा पत्ता टोपल्याखाली. कालवण गरम करून घ्या, तसंच गार खाऊ नका.

आज संध्याकाळी पाचला वाईच्या घरात गॅसवर दूध ठेवणार हाय. तुमी आलात तर तुमच्या देखत उतू जाईल. न्हाई आलात तरी जाईल.

राजेश्वरी