भिंतीतली केबल

प्रिय दादा,

आज वहिनीशी खोटं बोललो. तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर फक्त तुला आणि मला ठाऊक. म्हणून हे तुलाच लिहितोय.

तुझा तो ॲम्प्लिफायर मी तेराव्यानंतर भंगारात दिला होता. पण परवा वहिनी खारबावहून भिवंडीला माझ्या साऊंडच्या दुकानात आली. "भावजी, घर खायला उठतं. गाणी लावून द्या." नाही कसं म्हणू?

"इतकी वर्षं लूमवर शिफ्ट केली, तरी याचे कान उंदराचे," असं तू माझ्या गिऱ्हाइकांना सांगायचास. उंदराचे! मग त्या कानांवर एकदा तरी विश्वास ठेवायचास ना रे?

तुझ्याकडे गाण्याखाली सतत घरघर यायची. तूही वैतागायचास. मी म्हटलं होतं, प्लेअर आणि ॲम्प्लिफायर शेजारी असते तर साधी केबल पुरली असती. तुझं एक या टोकाला, दुसरं त्या टोकाला, आणि भिंतीपलीकडे लूमच्या मोटारी! तिथे बॅलन्स्डच हवी. तिच्यात गाणं दोन तारांतून उलटसुलट जातं. वाटेत शिरलेली घरघर दोन्हींवर सारखीच बसते आणि शेवटी वजा होते. दोन्ही मशिनांना तशी सोयही होती.

पण साधी केबल आधीच गिलाव्यात गाडलेली. "भिंत न्हाय फोडायची," तू म्हणालास. "तुज्या वहिनीनं हौसेनं अबोली रंग लावून घेतलाय. रडंल ती."

आणि मग काय केलंस? कुणाचं तरी ऐकून प्लगची अर्थिंगची पिन तोडलीस! घरघर थांबली. फोनवर हसत होतास, "भिंत न फोडता काम झालं, साऊंडवाले!" मी ओरडलो, आधी पिन बसव. "बसवतो रे, बसवतो."

कधी, दादा? आतली तार मशिनच्या पत्र्याला टेकली. अंघोळ करून ओल्या हाताने तू बटण लावायला गेलास. करंटला जमिनीत जायला तुझ्याशिवाय वाटच ठेवली नव्हतीस तू.

आज भिंत फोडली. दुकानातला दुसरा ॲम्प्लिफायर लावला, बॅलन्स्ड केबल टाकली, अर्थिंग दोनदा तपासलं. रंगाच्या खपल्या वहिनीच घमेल्यात भरत होती. "रंग गेला तुमचा," मी म्हटलं.

"जाऊ दे वो. भिंतीचं काय, पुन्हा रंगवता येते."

छिन्नी हातातच राहिली माझ्या.

गाणं लागलं. त्याच्याखाली काहीच नाही, स्वच्छ. वहिनी ऐकत राहिली, मग माझ्याकडे वळली. "एवढंच होतं, तर तवा का न्हाय केलंत?"

काय सांगू? तुमच्या रंगापायी?

"दुकानात केबल नव्हती," मी म्हणालो. "आज आणतो, उद्या आणतो, करत राहिलो."

तिने माझ्यासाठी ठेवलेल्या चहाखालचा गॅस बंद केला, आत गेली आणि दार लावून घेतलं.

यापुढे तिने मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही तरी चालेल. पण तू भिंत का फोडू दिली नाहीस, ते ती जिवंत असेपर्यंत माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही. शब्द देतो.

तुझा,
दिन्या